निळ्या डोहाच्या काठी



अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला का, आणि नायगाऱ्याचा धबधबा पाहिला का. आम्ही दोन्ही पाहिले नाहीत. आमची मुलगी ओहायो राज्यात डेटन नावाच्या गावी नोकरी करते. तिच्याकडे दोन महिने राहून आम्ही पाहिले ते एक चित्र, आणि त्या चित्रात जो डोह आहे तो डोह. ओळखीच्या मंडळींना हे सांगितले की ती जराशी हिरमुसतात. एवढे विमानाचे भाडे भरून डोह?

पण आमच्या दृष्टीने ती सहल फुकट गेली नाही. का, ते सांगण्यासाठी आधी घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आमच्या चुकीची आहे.

आम्ही दोघे महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षे झाली. एकाचा विषय चित्रकला, दुसरीचा इतिहास. दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की विहाराच्या मागच्या खोलीत वस्तीतली वीस-पंचवीस मुले घेऊन आम्ही बसतो. कागद आणि खडू वर्गणीतून येतात. मुलांचे आईबाप कोणी सफाई खात्यात, कोणी नाक्यावर, कोणी घरकामाला. जयंतीला आम्ही चित्रकला स्पर्धा घेतो. दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला विषय मोकळा ठेवला होता. मोकळा म्हटला तरी मुलांना अंदाज असतो. चवदार तळे, दीक्षाभूमी, संसद आणि राज्यघटना, बाबासाहेब ग्रंथालयात बसलेले, अशी चित्रे आली आणि चांगली आली. सहावीतल्या एका मुलाने मात्र नदीचा डोह काढला होता. वर झाडे, मध्ये गर्द पाणी, काठाला खडक. माणूस एकही नाही. हात उत्तम होता, पाण्यातली झाडांची सावली तर त्या वयाच्या मानाने फारच छान. तरी ते चित्र आम्ही बक्षिसातून बाजूला काढले. मुलगा विचारायला आला तेव्हा आमच्या तोंडून निघून गेले, "अरे, चित्र चांगले आहे, पण यात आपले काय आहे?"

तो काही बोलला नाही. त्यानंतरच्या रविवारपासून येईनासा झाला. त्याचे वडील रंगारी आहेत, इमारतींना रंग देतात. जिन्यात भेटले तर म्हणाले, "अभ्यास असतो, सर." आम्हीही ते मानून घेतले.

आता ओहायोकडे वळू.

डेटनहून दक्षिणेला तासा-सव्वातासाच्या वाटेवर सिनसिनाटी हे मोठे शहर आहे. ओहायो नदीच्या काठी वसलेले. तिथल्या ईडन पार्क नावाच्या टेकडीवरच्या बागेत शहराचे कलासंग्रहालय आहे. मुलीला सुटी होती, प्रवेशाला पैसे पडत नाहीत असे कळले, म्हणून गेलो. (आपल्याकडची मंडळी हा मुद्दा आधी पाहतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही.) दालनामागून दालने पाहत चाललो होतो. एका दालनात शाळेची पंधरा-सोळा मुले जमिनीवर मांडी घालून बसलेली दिसली. वय बारा-तेरा. काही गोरी, काही कृष्णवर्णीय, एकदोन आपल्या रंगाची. समोर एक निसर्गचित्र आणि बाजूला त्यांच्या बाई उभ्या. बाई काहीच बोलत नव्हत्या. मुलेही नाही. आम्हाला वाटले, शिक्षा केली की काय!

मुलीने हळूच सांगितले की पद्धतच तशी आहे. पहिली काही मिनिटे नुसते पाहायचे. नाव वाचायचे नाही, चित्रकार कोण ते विचारायचे नाही. चाळीस वर्षे वर्ग घेतलेल्या आम्हा दोघांना हे नवीन होते. आम्ही तर फळ्यावर आधी चित्रकाराचे नाव लिहायचो, मग जन्म, मग मृत्यू, आणि चित्र सर्वांत शेवटी. तेही वेळ उरला तर. आम्हीही मागे उभे राहून पाहू लागलो.

चित्र फार मोठे नव्हे. सुमारे अडीच फूट उंच, साडेतीन फूट रुंद, तैलरंगातले. दोन्ही अंगांनी दाट झाडी उतरत आलेली, मध्ये नदीचा डोह. पाणी इतके संथ की आभाळ आणि झाडे त्यात उतरली आहेत. लांबवर पाणी झाडीत शिरून दिसेनासे होते. पुढच्या काठाला खडक, पुराने आणून टाकलेली लाकडे, आणि त्या सगळ्यापुढे अगदी लहान दिसणारी तीन माणसे मासे धरत बसलेली. बस्स. ना वाघ, ना राजा, ना लढाई.

मग बाईंनी विचारले, काय दिसते? एक मुलगी म्हणाली, इथे शांत वाटते. दुसरा म्हणाला, शांत आहे पण नुकताच पूर येऊन गेलेला असणार, ती लाकडे पहा. तिसऱ्याने सांगितले, डोळे आधी पाण्यावर जातात, मग पाण्यावरून मागच्या अंधारात, आणि माणसे सर्वांत शेवटी सापडतात. आमच्यातल्या चित्रकलेच्या मास्तराने मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. चित्राची बांधणी हीच तर असते, नजर कुठून शिरते आणि कुठे जाऊन थांबते. मग तीन माणसे गोरी की काळी यावर मुलांत वाद पेटला. दोघेतिघे उठून चित्रापाशी नाक नेऊ लागले, तेव्हा रखवालदाराने त्यांना मागे सरकवले. माणसे इतकी बारीक आहेत की खात्रीने सांगता येत नाही.

आता बाईंनी नाव सांगितले. चित्राचे नाव 'ब्लू होल, लिटल मायामी नदी'. साल १८५१. चित्रकार रॉबर्ट एस. डंकन्सन, कृष्णवर्णीय. त्यांचे आजोबा व्हर्जिनियात गुलाम होते, पुढे मुक्त झाले.

मुले पुन्हा गप्प झाली. मग एका कृष्णवर्णीय मुलाने हात वर केला आणि विचारले, त्या वेळी गुलामगिरी चालू होती ना? मग त्यांनी झाडे का काढली?

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. शब्द निराळे होते, प्रश्न आमचाच होता. यात आपले काय आहे?

बाईंनी उत्तर दिले नाही. नदी कुठून कुठे जाते ते नकाशावर बघून या, मग बोलू, एवढे सांगून त्या मुलांना पुढच्या दालनात घेऊन गेल्या. त्या वर्गाचे पुढे काय झाले ते आम्हाला कळायला मार्ग नाही. पण तो गृहपाठ आम्हीही घेतला, आणि पुढचे दोन आठवडे मुलीच्या घराजवळच्या वाचनालयात बसून आणि फिरून केला. वाचकांसाठी त्यातले थोडके देतो.

डंकन्सन यांचा जन्म १८२१ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वाढले मिशिगनमधल्या मन्रो गावी. घराण्याचा धंदा सुतारकी आणि घरांना रंग देण्याचा. सतराव्या वर्षी म्हणजे १८३८ साली एका भागीदाराबरोबर त्यांनी रंगकामाचा स्वतःचा धंदा काढला. तो लवकरच मोडला. चित्रकार व्हायचे म्हणून १८४० च्या सुमारास हा रंगारी सिनसिनाटीला आला. कलाशाळेचे दार त्याला उघडे नव्हते. दुसऱ्यांच्या चित्रांवरून नकला करायच्या, छापील चित्रे पाहून हात बसवायचा, पोटासाठी माणसांची चित्रे काढायची, असे ते स्वतःच शिकले. भिंत रंगवणारा हात आणि चित्र रंगवणारा हात एकच होता, एवढे लक्षात ठेवावे.

ओहायो राज्यात गुलामगिरी नव्हती. पण म्हणून तिथे कृष्णवर्णीयांना सुख होते असे कोणी समजू नये. १८०४ आणि १८०७ साली राज्याने केलेल्या कायद्यांनुसार राज्यात राहायला येणाऱ्या कृष्णवर्णीयाला आपण स्वतंत्र असल्याचा कागद दाखवावा लागे, पाचशे डॉलरचा जामीन द्यावा लागे, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नसे. गोऱ्याने मारले आणि पाहणारे सगळे काळे असले तर खटलाच उभा राहत नाही, असा याचा अर्थ. आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हे कायदे १८४९ पर्यंत चालले. १८४१ साली सिनसिनाटीत दंगल झाली, तेव्हा जमावाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर तोफ आणून डागली. डंकन्सन तेव्हा वीस वर्षांचे होते.

नदीच्या पलीकडे केंटकी राज्य. तिथे गुलामगिरी कायद्याने चालू. दोहोंच्या मध्ये ओहायो नदी. आम्ही ती पायी ओलांडली. सिनसिनाटीहून कव्हिंग्टनला जाणारा एक जुना झुलता पूल आहे, रोबलिंग नावाच्या इंजिनियरने बांधलेला, १८६६ साली लोकांना खुला झालेला. रंगाने तोही निळाच. मध्यावर थांबलो. खाली कोळशाचे तराफे ओढत बोटी जात होत्या. मुलीने एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. आपल्याला वाटते की हद्द नदीच्या मध्यावर असेल, पण तसे नाही. १७९२ सालच्या पाण्याच्या रेषेप्रमाणे जवळजवळ सगळी नदी केंटकीच्या हद्दीत मोजली जाते. म्हणजे पळालेला गुलाम पोहत वा नावेतून सगळी नदी पार करीपर्यंत गुलामच! उत्तरेच्या काठाच्या चिखलात पाय रुतला की मग सुटका. १८५० साली तीही राहिली नाही. त्या वर्षी देशाच्या संसदेने कायदा केला की पळालेल्या गुलामाला कुठल्याही राज्यात पकडून मालकाकडे परत पाठवता येईल, आणि त्याला मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

तरी लोक पळत होते, आणि लोक मदत करीत होते. या मदतीच्या साखळीला 'भुयारी रेल्वे' असे नाव पडले होते. रूळ नाहीत, भुयार नाही, नुसती माणसे. एका घरी लपायचे, रात्री चालायचे, पुढच्या घरी लपायचे, असे करत कॅनडापर्यंत. सिनसिनाटीच्या काठावर याचे मोठे संग्रहालय २००४ साली उघडले. त्यात केंटकीतल्या शेतावरून उचलून आणलेला लाकडी ओंडक्यांचा दुमजली कोंडवाडा आहे. विकायच्या गुलामांना बाजारात नेईपर्यंत त्यात डांबून ठेवत. आम्ही आत जाऊन उभे राहिलो. लवकर बाहेर आलो.

आता ती नदी पाहा. लिटल मायामी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर लांबीची. उत्तरेकडून येते आणि सिनसिनाटीच्या जराशी पूर्वेला ओहायो नदीला मिळते. म्हणजे दक्षिणेकडून पळून आलेल्या माणसाने ओहायो पार केली आणि लिटल मायामीचे खोरे धरून वर चालू लागला, तर तो उत्तरेकडे जात राहतो. त्या खोऱ्यात मदत करणाऱ्यांची घरे होतीच. चित्रातला डोह त्याच वाटेवर, आणि चित्र १८५१ चे, कायद्यानंतरच्या वर्षाचे.

काही अभ्यासक म्हणून म्हणतात की ते पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, ती सुटकेची वाट आहे, आणि मागच्या झाडीतला अंधार हा लपण्याचा अंधार आहे. दुसरे काही म्हणतात की असे काही नाही, त्या काळी सगळेच अमेरिकन चित्रकार नद्या-डोंगर काढीत, डंकन्सन यांनीही काढले, आणि उत्तम काढले. पुरावा दोन्ही बाजूंना पुरेसा नाही. डंकन्सन यांनी स्वतः लिहून ठेवलेले नाही. उलट १८७१ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या डोक्यात कातडीचा रंग नाही, चित्राचा रंग आहे अशा अर्थाचे सुनावले होते. मुलाने बापावर आरोप केला होता की तुम्ही आपली जात लपवता. बाप रागावला. हे भांडण आपल्या घरांतून अपरिचित आहे असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणावे!

आणि तरी याच माणसाने १८५३ साली 'अंकल टॉम' कादंबरीवरचे चित्र काढून दिले. जेम्स प्रेसली बॉल नावाचे कृष्णवर्णीय छायाचित्रकार सिनसिनाटीत होते, त्यांच्या स्टुडिओत काम केले. बॉल यांनी १८५५ साली गुलामगिरीचा इतिहास दाखवणारा सहाशे यार्ड लांबीचा चित्रपट्टा लोकांपुढे फिरवला. त्या कामात डंकन्सन यांचाही हात होता असे मानले जाते. म्हणजे झाडे काढणारा माणूस झाडांतच हरवून बसला होता असे नाही.

शहरातल्या एका गडगंज द्राक्षमळेवाल्याने, निकोलस लाँगवर्थ त्याचे नाव, आपल्या वाड्यातल्या भिंतींवर त्यांच्याकडून आठ मोठी निसर्गचित्रे काढून घेतली. तो वाडा आता टॅफ्ट संग्रहालय आहे. पुढच्या मालकांनी त्या चित्रांवर चक्क कागद चिकटवून टाकले होते, १९३० च्या दशकात ते खरवडून काढल्यावर खालचे डोंगर पुन्हा दिसले. १८५३ साली ते इंग्लंड-इटलीला जाऊन आले. यादवी युद्धाच्या काळात कॅनडात आणि मग ब्रिटनमध्ये राहिले, तिथे त्यांचे मोठे नाव झाले. शेवट मात्र वाईट. मन बिघडले, आणि डिसेंबर १८७२ मध्ये डेट्रॉइटला मनोरुग्णालयात मृत्यू आला. घरांच्या आणि चित्रांच्या रंगातले शिसे वर्षानुवर्षे अंगात भिनून हे झाले असावे, असे काहींचे मत आहे. (रंगकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वाचून सोडून देऊ नये. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. त्याआधीचे थर अजून भिंतींवर आहेत. जुना रंग कोरडा खरवडू नये, ओला करून काढावा, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.) कबरीवर अलीकडेपर्यंत नावाचा दगडही नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या शपथविधीच्या दिवशी संसदभवनात त्यांचे इंद्रधनुष्याचे चित्र मांडले गेले, तेव्हा कुठे पुष्कळ अमेरिकनांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

डंकन्सन गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. दोघांना एकमेकांची वार्ताही नसणार.

प्रत्यक्ष डोह पाहायला गेलो तो ऑक्टोबरातला रविवार होता. डेटनहून अर्ध्या-पाऊण तासावर यलो स्प्रिंग्ज नावाचे लहानसे गाव लागते. लोखंडाने पिवळसर झालेला झरा आहे, त्यावरून नाव. इथे अँटिऑक नावाचे जुने कॉलेज आहे. मुलीने सांगितले आणि आम्ही चकित झालो, या कॉलेजने १९७९ साली आपल्या बोधगयेला विद्यार्थ्यांसाठी बौद्ध अभ्यासाचा वर्ग सुरू केला होता. जग लहान आहे म्हणतात ते काही उगाच नाही. गावापासून जवळ क्लिफ्टन गॉर्ज ही दरी. चुनखडीच्या जातीच्या दगडात नदीने कापलेली. वरून पाहिले तर दोन्ही कडे इतके जवळ की पाणी खाली चेंगरून पळताना दिसते. पायऱ्या उतरून काठाकाठाने चाललो. साल गळून पांढरीफटक झालेली सिकॅमोरची झाडे, पिवळी पाने, आणि पाण्याचा एकसारखा घोष. एका वळणापुढे तो घोष एकदम थांबला. दरी रुंद झाली, पाणी पसरले आणि गप्प झाले. हाच डोह.

खरे सांगायचे तर आमची थोडी निराशा झाली. डोह चित्रातल्यापेक्षा लहान वाटला. डंकन्सन यांनी तो मोठा केला की आमच्याच मनात मोठा झाला होता, कोण जाणे. एक बाप आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन पाणी दाखवत होता, दोन म्हातारी माणसे बाकावर सँडविच खात होती. आम्ही डबा आणला होता, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. खडकावर बसून खाल्ला. कोणी हटकले नाही. पाणी निळे नव्हते, हिरवट होते. ऊन सरकले तेव्हा घटकाभर निळे झाले.

येताना मुलीने गाडी वळवून दहा-बारा किलोमीटरवरच्या विल्बरफोर्सला नेली. कृष्णवर्णीयांचे हे विद्यापीठ १८५६ पासूनचे. इथे १८९४ ते १८९६ अशी दोन वर्षे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ग्रीक आणि लॅटिन शिकवत होते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, ते हेच. बाबासाहेबांना उत्तरही लगेच आले होते. आम्ही फाटकापाशी थोडा वेळ उभे राहिलो. रविवार असल्याने सगळे शांत होते.

मुलीने त्या चित्राची मोठी रंगीत प्रत काढून दिली. ती गुंडाळून, नळीत घालून, मांडीवर घेऊन विमानातून आणली.

परतल्यावर पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडील नुकतेच कामावरून आले होते, बोटांच्या पेरांत पांढरा रंग तसाच. आम्ही म्हटले, "पोराला उद्या पाठवा, आमच्याकडून चूक झाली आहे." त्यांना अवघडल्यासारखे झाले. "असं काय बोलता, सर," म्हणाले. मुलगा आता आठवीत गेलेला, दाराशी उभा राहून ऐकत होता. आला मात्र.

आम्ही त्या बाईंची पद्धत वापरली. चित्र भिंतीला टांगले आणि पाच मिनिटे बोलायचे नाही असे बजावले. आमची मुले पाच मिनिटे गप्प बसतील यावर आमचा विश्वास नव्हता, पण बसली. मग काय दिसते? झाडे, पाणी, लाकडे, खडक. "बाई, पूर आला होता!" "सर, इथे कोणाचे घर नाही." एक लहान मुलगी म्हणाली, "मला भीती वाटते, मागे काय आहे ते दिसत नाही." तीन माणसे शोधायला आमच्या मुलांना सिनसिनाटीच्या मुलांपेक्षा कमी वेळ लागला. मग आम्ही डंकन्सन यांची हकिगत सांगितली. रंगाऱ्याचा मुलगा म्हटल्यावर सगळ्यांनी मागे वळून त्या मुलाकडे पाहिले. तो लाजला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "सर, ही तिघं वरच्या अंगाला बसलीत का खालच्या?"

आम्हाला कळले नाही. तेव्हा तो सांगू लागला. त्याचे आजोळ परभणी जिल्ह्यात, दुधना नदीच्या काठी. नदीत एक डोह आहे. आजी सांगते की पूर्वी गावाचे पाणी वरच्या अंगाला होते, आणि आपल्या लोकांनी तिकडे फिरकायचे नाही. गावाने भांडी-कपडे धुऊन, गुरे पाण्यावर घालून जे खाली येईल ते आपले. त्या खालच्या डोहातून आजीने तिच्या तरुणपणी पाणी भरले होते. मग पुढे विहीर झाली, नळ आला, आणि डोह नुसता राहिला. उन्हाळ्यात तो तिथे आजोबांबरोबर गळ टाकून बसतो. स्पर्धेला त्याने काढला होता तो हाच डोह.

"मग चित्रात आजी का नाही काढलीस?" बाईंनी विचारले. हे विचारायला आम्हाला दोन वर्षे उशीर झाला होता.

"आजी म्हणाली, मी आता तिकडे जात नाही, मला काढू नको."

खोलीत कोणी बोलले नाही. मग सगळीच मुले भिंतीपाशी गोळा झाली आणि पाणी कुठून कुठे वाहते ते शोधू लागली. कोणी म्हणे लाकडांची टोके पहा, कोणी म्हणे मागे अंधार आहे म्हणजे नदी तिकडून येते. आम्ही चष्मा काढून, भिंग आणून पाहिले. पाणी इतके संथ आहे की काही ठरेना. जेवायची वेळ झाली, आया हाका मारू लागल्या, तरी वाद मिटला नव्हता.

त्याचे जुने चित्र आम्ही परत मागितले. त्याच्या आईने ते ट्रंकेच्या तळाला, कपड्यांच्या खाली अंथरले होते. चार घड्या पडल्या होत्या आणि एका कोपऱ्याला डांबरगोळीचा वास लागला होता. आता ते विहाराच्या मागच्या खोलीत, त्या मोठ्या चित्राच्या शेजारी टाचणीने लावले आहे.